अश्वशक्तीचा आकडा आणि परभणीची हवा

(स्मृतिव्याख्यानमालेत परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांचे आयुष्य यंत्रशाळेत शिकवण्यात गेले. मोजलेला आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला हे लिहिल्याशिवाय ते विद्यार्थ्याच्या वहीवर सही करत नसत. आजचा विषय मी त्यांच्या या शिस्तीला धरूनच निवडला आहे. मोटारीची अश्वशक्ती डायनामोमीटरवर मोजताना हवामान त्या आकड्याचे काय करते, आणि परभणीसारख्या जिल्ह्याने त्याची फिकीर का करावी, एवढेच मला आज मांडायचे आहे.

मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली की नुसत्या वजनावर भाव ठरत नाही. कापसात ओलावा किती हे पाहतात. सरकारी खरेदीत आठ ते बारा टक्क्यांची चौकट आहे. बाराच्या वर ओलावा गेला तर माल नाकारतात. वजनाबरोबर ओलाव्याचा आकडा नसेल तर तो व्यवहार पुरा झाला असे कोणी मानत नाही. मोटार आणि ट्रॅक्टर आपण लाखो रुपये मोजून घेतो, पण अश्वशक्तीच्या आकड्याबरोबर हवेचा आकडा मागत नाही. तो मागितला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. अश्वशक्ती म्हणजे काम करण्याचा वेग. पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलले की ती एक मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे ७३५.५ वॅट. जाहिरातीत तिला ‘पीएस’ म्हणतात. ब्रिटिश अश्वशक्ती जरा मोठी, सुमारे ७४५.७ वॅट. ही शक्ती थेट मोजता येत नाही. मोजायचा असतो टॉर्क, म्हणजे फिरत्या दांड्याचा पीळ, आणि मोजायचे असतात मिनिटाचे फेरे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९, की किलोवॅट हाती येतात. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी १८२१ साली फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळून हे काम केले. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली जहाजाच्या मोठ्या इंजिनासाठी पाण्याचा ब्रेक बनवला. आज इंजिन सुटे करून बाकावर मोजतात, किंवा गाडीची चालती चाके रोलरवर ठेवून मोजतात. रोलरला विजेच्या भोवरा-प्रवाहाने अडवतात, किंवा वजनदार रोलर किती झपाट्याने वेग घेतो ते पाहून हिशोब करतात. गॅरेजच्या भाषेत या सगळ्याला ‘डायनो’ म्हणतात.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. डायनो ब्रेकचे काम करतो. तो इंजिनाला इंधन देत नाही, हवाही देत नाही. इंजिन हवा घेते ती त्या खोलीतली, त्या गावातली, त्या दिवसाची. म्हणून डायनोचा कागद त्या इंजिनाबद्दल जितके सांगतो तितकेच त्या दिवसाच्या हवेबद्दलही सांगतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन जास्त ओतणे सोपे आहे. मर्यादा पडते ती हवेची. बाराशे सीसीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल आणि प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरत असेल, तर मिनिटाला ३.६ घनमीटर हवा ओढते. घनमीटर सारखेच राहतात, पण त्यांतली हवा सारखी राहत नाही.

परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०९ मीटर उंचीवर आहे. या उंचीमुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साडेचार-पाच टक्क्यांनी कमीच असतो. त्यावर ऋतूंचा फरक येतो, आणि परभणीत तो फरक मोठा आहे. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीसाठी परभणीचे नाव वर्तमानपत्रात येते आणि उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांसाठीही येते. मी हिशोबासाठी तीन दिवस कल्पिले आहेत. पहिला जानेवारीच्या पहाटेचा: दहा अंश, दाब ९६८ मिलिबार. दुसरा मे महिन्यातल्या दुपारचा: त्रेचाळीस अंश, दाब ९६० आणि हवा कोरडी. तिसरा ऑगस्टचा: अठ्ठावीस अंश, दाब ९५८ आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. पहिल्या दिवशी एका घनमीटरमध्ये कोरडी हवा, म्हणजे जळणाच्या कामाची हवा, सुमारे ११८० ग्रॅम भरते. मेमध्ये ती १०४५ ग्रॅमवर येते. आपल्या बाराशे सीसीच्या इंजिनाला मिनिटामागे जवळजवळ अर्धा किलो हवा कमी पडते. हवा कमी म्हणजे जळणारे पेट्रोलही कमी, आणि शक्तीही कमी.

आता ऑगस्ट. पाऊस पडून गेलेला, हवा गार झालेली. इंजिनाला बरे दिवस आले असे कोणालाही वाटेल. हिशोब मात्र १०७० ग्रॅम सांगतो, म्हणजे मेपेक्षा जेमतेम थोडे जास्त. कारण पाण्याची वाफ. अठ्ठावीस अंशांच्या दमट हवेत वाफच बत्तीस मिलिबार दाब व्यापून बसते. बॅरोमीटर पूर्ण दाब दाखवतो, पण त्यातला बत्तीस मिलिबारांचा वाटा ज्वलनाला निरुपयोगी असतो. पावसाळ्यात गाडी चांगली पळते असे अनेक चालक सांगतात आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. हवा ओढण्याची नळी गार राहते, आणि दमट हवेत पेट्रोल इंजिनाचा ठोका, ज्याला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात, कमी होतो. गाडीचा कॉम्प्युटर मग ठिणगी मागे ओढत नाही. मेच्या उकाड्यात तो ती मागे ओढतो आणि हवेच्या तुटीवर आणखी एक तूट चढते. म्हणजे हवेचे वजन ही एक बाब आणि हवेचे तापमान ही दुसरी. दोन्ही वेगळ्या मोजाव्या लागतात.

आता प्रश्न असा की जानेवारीत मोजलेली गाडी आणि मेमध्ये मोजलेली गाडी यांची तुलना कशी करायची? यासाठी जगभर दुरुस्तीचे सूत्र वापरतात. एक प्रमाण हवा ठरवायची, आणि मोजलेल्या शक्तीला अशा गुणकाने गुणायचे की त्या प्रमाण हवेत इंजिनाने किती शक्ती दिली असती ते कळावे. आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकात ही हवा पंचवीस अंश तापमानाची आणि ९९० मिलिबार कोरड्या दाबाची आहे. अमेरिकेचे एसएई जे१३४९ हे मानकही आज तीच हवा धरते. पेट्रोल इंजिनासाठी आयएसओचा गुणक असा: ९९० भागिले प्रत्यक्ष कोरडा दाब, याचा १.२ वा घात. त्याला गुणिले केल्व्हिनमधले प्रत्यक्ष तापमान भागिले २९८, याचा ०.६ वा घात.

हे घातांक आकाशातून पडलेले नाहीत. दाबाचा घात एकापेक्षा जास्त आहे, कारण इंजिनाचे स्वतःचे घर्षण हवा विरळ झाली म्हणून कमी होत नाही. सिलिंडरमध्ये शक्ती कमी तयार झाली तरी घर्षण आपला वाटा पूर्वीइतकाच घेते, आणि चाकाकडे जाणारा वाटा प्रमाणाबाहेर घटतो. तापमानाचा घात एकापेक्षा कमी आहे, कारण बाहेरची हवा आधीच तापलेली असली की गरम नळी आणि व्हॉल्व्ह ओलांडताना ती आणखी कमी तापते आणि तुटीचा काही भाग भरून निघतो. अनेक इंजिनांवर वर्षानुवर्षे केलेल्या चाचण्या या दोन आकड्यांत साठल्या आहेत.

आपल्या तीन दिवसांना हे सूत्र लावू. प्रमाण हवेत ऐंशी अश्वशक्ती देणारी मोटार घ्या. जानेवारीच्या पहाटे ती सुमारे साडेएकोणऐंशी दाखवेल, मेच्या दुपारी सुमारे त्र्याहत्तर, आणि ऑगस्टमध्येही जवळजवळ त्र्याहत्तरच. गाडी तीच, तेल तेच, मेकॅनिक तोच. फरक सहा अश्वशक्तींचा. ज्याने जानेवारीत गाडी मोजली, मग नवा एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बसवला आणि मेमध्ये पुन्हा मोजली, तो सहा अश्वशक्तींचा तोटा त्या सुट्या भागाच्या माथी मारेल. ज्याने मेमध्ये आधी मोजून जानेवारीत नंतर मोजले, तो त्याच भागाची तारीफ करील. दोन्ही निष्कर्ष चूक.

आपल्या जिल्ह्यात एक वाक्य मुलांनाही पाठ असते: जगात जर्मनी, भारतात परभणी. या विषयात जर्मनीचे नाव खरोखरच येते. जुन्या डीआयएन ७००२० या जर्मन मानकाने प्रमाण दिवस ठरवला होता तो वीस अंशांचा आणि १०१३ मिलिबारचा, म्हणजे समुद्रकाठच्या सुखद दिवसाचा. अमेरिकेतला जुना प्रमाण दिवस तर साडेपंधरा अंशांचा होता, आणि अनेक डायनोंवर तो पर्याय आजही मिळतो. तो निवडला की त्याच गाडीचा आकडा वाढतो, कारण ती हवा अधिक थंड आणि अधिक दाट आहे. प्रत्येक देशाने आपापल्या प्रयोगशाळेला जवळचा दिवस प्रमाण मानला, आणि पंचवीस अंश ही पुढे त्यांच्यातली तडजोड झाली. तडजोड म्हणून ती योग्यच आहे. पण ९९० मिलिबार कोरडा दाब परभणीत कोणत्याच ऋतूत येत नाही. आपल्या प्रत्येक मोजणीला दुरुस्ती लागणार, हे उंचीनेच ठरवून टाकले आहे.

त्या दुरुस्तीला सीमा आहे. पेट्रोल इंजिनाची चाचणी पंधरा ते पस्तीस अंशांत व्हावी असे मानक सांगते, आणि गुणक ०.९३ ते १.०७ यांच्या दरम्यान असावा असेही सांगते. गुणक या चौकटीबाहेर गेला तर दुरुस्त आकडा देता येतो, पण चाचणीच्या वेळची हवा अहवालात नेमकी लिहावी लागते. आपल्या मेच्या दुपारी गुणक येतो १.०९, आणि तापमान पस्तीसच्या आठ अंश वर. ऑगस्टचा गुणकही १.०९. म्हणजे ज्या हवेत परभणीकर वर्षाचे अनेक महिने गाडी चालवतो, तिच्यासाठी हे सूत्र पुरेशा खात्रीने बोलतच नाही. यात सूत्राचा दोष नाही. आपली मर्यादा ते प्रामाणिकपणे सांगते. मात्र तिथून पुढे आकडेमोड थांबते आणि प्रत्यक्ष मोजणीची जबाबदारी सुरू होते.

हे मोटारीपुरते असते तर मी एवढा वेळ घेतला नसता. परभणीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने ट्रॅक्टरचा आहे. रब्बीची पिके निघाली की काळ्या जमिनीची खोल नांगरट एप्रिल-मेमध्ये होते. माती वाळून घट्ट झालेली असते, ढेकळे फुटत नाहीत, आणि नांगर वर्षातला सर्वांत मोठा ओढा मागतो. वर्षातली सर्वांत विरळ आणि सर्वांत तप्त हवाही नेमकी तेव्हाच असते. काम जास्तीत जास्त असते तेव्हा इंजिनाचा दम कमीत कमी असतो. ट्रॅक्टर ओढत नाही, धूर काळा निघतो, डिझेल जास्त जाते, या तक्रारींमागे पंपातला किंवा फिल्टरचा बिघाड असू शकतो. पण त्यात हवेचा वाटा किती, हे कोणी वेगळे काढून पाहत नाही.

डिझेल इंजिनाचा हिशोब पेट्रोलपेक्षा वेगळा आहे. त्यात हवा गरजेपेक्षा जास्त घेतलेली असते आणि शक्ती ठरते ती पंप किती डिझेल फवारतो त्यावर. म्हणून हवा विरळ झाल्याचा फटका पेट्रोलइतका सरळ बसत नाही. मानकात त्यासाठी इंजिनागणिक बदलणारा घातांक आहे, ०.३ ते १.२. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाला परभणीच्या मेमध्ये साधारण तीन ते दहा टक्क्यांची तूट येऊ शकते असा त्याचा अर्थ निघतो. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे एक ते साडेचार अश्वशक्ती होतात. इंजिन जितके काठोकाठ इंधनावर बेतलेले, तितकी तूट मोठी. त्यात आणखी एक भर पडते. पंप डिझेल मापाने देतो, वजनाने नव्हे. उन्हात तापलेल्या टाकीतले डिझेल फुगते; तीस अंशांच्या फरकाने त्याच मापातले वजन दोन-अडीच टक्क्यांनी घटते. तीही शक्ती गेलीच.

याबाबतीत आपल्या देशाने एक अतिशय चांगले काम करून ठेवले आहे आणि ते शेतकऱ्यांना माहीत असायला हवे. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी बुधनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तीच आजची केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था. तिथे ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागच्या शक्तिदांड्याला, डायनामोमीटर जोडून चाचणी होते. ती नैसर्गिक तापमानाला होते आणि पुन्हा तप्त हवेतही होते: त्रेचाळीस अंश, दोन अंश कमी-जास्त. दोन्ही वेळची शक्ती आणि इंधनाचा खर्च अहवालात वेगवेगळा छापतात. ज्या कोणी भारतीय मानकात हा त्रेचाळीसचा आकडा घातला, त्यांनी आपल्या शेतकऱ्याची मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे ठेवली होती. मोटारींच्या क्षेत्रात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयने, इंजिनचाचणीची शिस्त देशात रुजवली. ट्रॅक्टर घेणाऱ्याने विक्रेत्याकडे बुधनीचा अहवाल मागावा आणि त्यात तप्त हवेतली पीटीओ शक्ती शोधावी. दोन ट्रॅक्टरांची जाहिरातीतली अश्वशक्ती सारखी असली तरी त्रेचाळीस अंशांत त्यांतला कोणता टिकतो, ते त्या ओळीत कळते.

आता मोजणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण या सूत्राचा गैरवापर सोपा आहे. पहिली चूक दाबाची. मोबाइलवर किंवा हवामानाच्या बातमीत परभणीचा दाब १००५ मिलिबार दिसतो. तो समुद्रसपाटीवर उतरवून सांगितलेला दाब असतो. प्रत्यक्ष इथला दाब ९६० च्या आसपास असतो. बातमीतला आकडा सूत्रात घातला तर गुणक पाच टक्क्यांहून अधिक चुकतो. दाब जागेवरच्या बॅरोमीटरने मोजला पाहिजे. दुसरी चूक तापमानाची. तापमापी गाडीच्या रेडिएटरजवळ किंवा सायलेन्सरच्या झळीत टांगली की ती जास्त तापमान दाखवते, सूत्र गुणक वाढवते, आणि कागदावर शक्ती फुगते. तापमान मोजायचे ते इंजिन जिथून हवा ओढते त्या जागी. तिसरी चूक टर्बोची. आजच्या अनेक गाड्यांत टर्बो हवेचा दाब स्वतःच ठरवतो आणि बाहेरची तूट बरीचशी भरून काढतो. अशा गाडीला साध्या इंजिनाचा गुणक लावला तर मुळात न गेलेली शक्ती आपण तिच्या खात्यावर जमा करतो. प्रत्येक गाडीच्या कागदावर मूळ मोजलेला आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही हवेत, आणि दुरुस्ती कोणत्या मानकाने केली तेही हवे. ग्राहकाला हे मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

शेवटी या गावाकडे वळतो. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात हवामानाची वेधशाळा आहे आणि कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. वेधशाळेकडे तापमान, आर्द्रता आणि दाब यांची रोजची नोंद असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे इंजिन आणि मोजणीची विद्या असते. माझी सूचना साधी आहे. एकच डिझेल इंजिन आणि एकच पेट्रोल इंजिन, एकाच डायनामोमीटरवर, एकाच कंपनीच्या तेलावर, वर्षभर दर पंधरवड्याला एकदा पहाटे आणि एकदा दुपारी मोजावे. त्याच वेळची वेधशाळेची नोंद शेजारच्या रकान्यात लिहावी. बारा महिन्यांनी परभणीच्या हवेचा खरा गुणक हाती येईल. मानकाची चौकट संपते तिथे आपली नोंद सुरू होईल. तीच नोंद जिंतूरच्या मेकॅनिकला, गंगाखेडच्या ट्रॅक्टर चालकाला आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक कृषी विभागाला उपयोगी पडेल. यासाठी नवे शास्त्र लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागते ती वर्षभर न कंटाळता मोजण्याची सवय.

हवामान बदलते आहे आणि तापलेले दिवस वाढत आहेत, हे आपण शेतीच्या संदर्भात ऐकतो आणि बोलतो. यंत्रांच्या संदर्भातही ते बोलायची वेळ आली आहे. पंपाचे इंजिन, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, रुग्णवाहिका, सगळी याच हवेवर चालतात. आपल्या हवेत त्यांचे बळ किती, हे आपणच मोजले पाहिजे. परभणीत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या अश्वशक्तीपुढे तापमान, दाब आणि आर्द्रता लिहिलेली असावी, अशी मागणी या व्यासपीठावरून मी करतो. ज्यांच्या नावाने आपण आज जमलो आहोत, त्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवर आयुष्यभर हीच मागणी केली. ती आता आपण विक्रेत्यांकडे, प्रयोगशाळांकडे आणि शासनाकडे नेऊ.